उभा टँकर, पडलेलं चाक

आमच्या गल्लीतल्या ड्रेनेजच्या झाकणाचं उद्घाटन झालं होतं. बाहेरगावच्या माणसाला हे वाचून हसू येईल, तर येऊ दे. सोलापुरात आम्ही बाकड्याचंही उद्घाटन पाहिलंय. झाकण तर त्यापेक्षा मोठी वस्तू. त्यावरून माणसं चालतात.

त्याआधी आमच्या पूर्वभागात लोखंडी झाकणं होती, म्हणजे असायची. भंगाराचा भाव चढला की ती नाहीशी व्हायची आणि उघड्या भोकात लोक लिंबाची फांदी खोचून ठेवायचे. मी तेव्हा त्यावर पत्रक काढलं होतं, घराघरात वाटलं होतं. म्हणून महापालिकेच्या ड्रेनेज खात्याने फायबर काँक्रीटची नवी झाकणं आणली तेव्हा मला आनंद झाला, हे सरळ सांगते. काँक्रीटमध्ये पोलादाच्या बारीक तारांचे तुकडे, सुईएवढे, सगळीकडे मिसळलेले. चोरून विकावं असं त्यात काही नाही आणि फुटायचंही नाही, असं साहेब म्हणाले. साहेब म्हणजे त्या कामावरचे अभियंते.

उद्घाटनाला साहेबांनी टँकर मागवला. टँकर चालवायला माझे वडील. मी त्यांना आप्पा म्हणते. मोडनिंबकडून शहरात आले तेव्हापासून त्यांच्या हातात पाण्याच्या टँकरचं चाक आहे. पाण्याने भरलेला टँकर त्यांनी हळूहळू मागेपुढे करत मागची जोडचाकं बरोबर झाकणावर आणली आणि गाडी उभी केली. झाकण हललं नाही. टाळ्या. मग टँकर पुढे घेतला, पुढाऱ्यांनी झाकणावर नारळ फोडला, बॉनेटला हार घातला, फोटो निघाले. एका फोटोत आप्पा खिडकीतून हात बाहेर काढून हसतायत, जणू झाकण त्यांनीच ओतलंय. तो फोटो माझ्या फोनमध्ये अजून आहे.

पुढे जे झालं ते त्याच टँकरने, त्याच झाकणावर.

आमच्या समोर अक्का राहतात. त्या बिड्या वळतात. घरात तेलुगू, गल्लीत मराठी, आणि भांडायला दोन्ही. उघड्या भोकांचा त्रास त्यांनी सगळ्यात जास्त काढलेला, म्हणून नव्या झाकणावर त्यांचा जीव. पोरं मोटारसायकली दणादण त्यावरून न्यायची, तर ह्या दारातून ओरडायच्या. शेवटी त्यांनी गल्ली गोळा केली. कुणाच्या तरी स्लॅबचं सिमेंट-खडी उरलेलं होतं. त्याचा गल्लीने स्पीडब्रेकर केला, झाकणाच्या अगदी अलीकडे, वीतभर अंतर सोडून.

"आता गाडी हळू होणार आणि मगच झाकणावर येणार," अक्का म्हणाल्या. "आपलं झाकण आपणच जपायचं की."

गल्लीत कुणालाही, अगदी मलाही, त्यात वावगं दिसलं नाही. झाकण नाजूक असेल तर गाडी हळू हवी. हिशोब सरळ होता आणि सरळच चुकलेला होता.

ज्यांनी सोलापुरात नळाची वाट पाहिली नसेल त्यांना टँकर येण्याचा क्षण कळणार नाही. पाणी कित्येक दिवसांनी येतं, तेही आलं तर. टँकरचा आवाज कोपऱ्यावर आला की गल्ली घागरी, पिंपं, पाइप घेऊन बाहेर. त्या दिवशी टँकरच्या दोन्ही बाजूंनी बायका चालत होत्या. चालत होत्या, हे लक्षात ठेवा. गाडी त्यांच्या पावलाने येत होती. अक्का मागे, हातात पाइप. त्यांचा पाइप पहिला लागणार हे गल्लीत ठरलेलंच.

पुढची चाकं स्पीडब्रेकर चढून उतरली. काहीतरी करकरलं. मग मागची जोडचाकं चढली. सगळ्या पाण्याचं वजन त्यांच्यावर. ती चढली आणि पलीकडे धपकन पडली, नेमकी झाकणावर. आवाज झाला तो दगड फुटल्याचा. जोडचाक भोकापेक्षा रुंद होतं म्हणून गाडी अडकली नाही, पुढे निघून गेली. पाण्याकडे बघत मागून येणाऱ्या अक्कांचा पाय जिथे झाकण असायला हवं होतं तिथे पडला, आणि खाली गेला.

नडगी मोडली. त्यांना वर काढायला आप्पाच उतरले. अक्कांनी पाइप सोडला नव्हता, एवढंच मला आठवतं.

संध्याकाळपर्यंत खात्याची माणसं येऊन तुकडे उचलून घेऊन गेली आणि भोकावर शहाबादी फरशी टाकून गेली. एवढी तत्परता आम्ही आयुष्यात पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहिलं तर स्पीडब्रेकरही नव्हता. तो खात्याने काढला नव्हता, गल्लीने काढला होता. विनापरवाना केलेला, कुणाच्या अंगावर येईल म्हणून घाबरून फोडून टाकलेला. आणि आप्पांना गाडीवरून उतरवलं गेलं. चौकशी होणार, टँकर भरधाव होता असं अहवालात आलं तर तो पोलिसांत जाणार, आणि मग लायसन जाणार. लायसन गेलं तर ह्या वयात त्यांना दुसरं काही येत नाही. ते स्वतःच तसं म्हणाले.

मी साहेबांकडे गेले. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं, कागद दाखवला.

"ठोकळे पास आहेत," ते म्हणाले. "झाकणं ओतली त्याच काँक्रीटचे ठोकळे. मशीनमध्ये दाबून पाहिलेत. पाहिजे त्याहून जास्त भार घेतलाय."

"मग झाकण फुटलं कसं?"

"तेच तर. गाडी वेगात असणार."

"तुम्ही तिथं होता?"

"त्याची गरज नाही. काँक्रीट चांगलं, झाकण फुटलं, म्हणजे काय उरतं? वेग."

"स्पीडब्रेकरवरून भरलेला टँकर वेगात कोण नेतं?"

"कुठला स्पीडब्रेकर?" साहेबांनी मान वर केली. "आमच्या नकाशात तिथं स्पीडब्रेकर नाही. काल माणूस पाठवला होता, रस्त्यावरही नाही."

मी पाणी न पिता उठले.

एक तुकडा मात्र खात्याच्या नजरेतून सुटला होता. शेजारच्यांनी तो आपल्या पिंपाखाली सरकवला होता, पिंप डुगडुगत होतं म्हणून. आमच्या गल्लीत कुठलीच वस्तू वाया जात नाही. त्यांना दुसरा दगड देऊन मी तो घेतला, पिशवीत घातला आणि एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडमकडे नेला. त्या काँक्रीटवरच काम करतात. माझी पत्रकं वाचतात, बहुधा त्यातल्या चुका काढायला.

मी झालेलं सगळं सांगितलं. मॅडमनी तुकड्याची फुटलेली बाजू खिडकीशी धरली. बराच वेळ फिरवून पाहिली.

"सुया दिसतात का तुला?"

मी पाहिलं. खडी होती, वाळू होती. कडक भाकरी मोडल्यावर दिसते तशी स्वच्छ कड. सुई एकही नव्हती.

"मग ठोकळे पास कसे?" मी विचारलं. "खोटे कागद?"

"तुझी उडी थेट तिथंच. कागद खरेही असतील. चल."

प्रयोगशाळेत त्यांच्याकडे दोन प्रकारचे गोल ठोकळे होते. एकात सुया घातलेल्या, दुसऱ्यात नाहीत. बाकी सगळं सारखं. आधी त्यांनी साधा ठोकळा मशीनमध्ये ठेवला. मशीन इतकं हळू दाबतं की आपल्याला काही चाललंय असं वाटतच नाही. ठोकळा फुटला, आकडा लिहिला. मग सुयांचा ठोकळा. तोही फुटला. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे.

"बघितलंस? हळू दाबून किती भार घेतो एवढंच विचारलं तर सुया आहेत की नाहीत हे ह्या मशीनला कळतच नाही," मॅडम म्हणाल्या. "सुया काँक्रीटला फारसं बळ देत नाहीत. तडा गेल्यावर दोन बाजू धरून ठेवतात. त्यांचं काम तडा गेल्यानंतर सुरू होतं. ही परीक्षा तडा जाईपर्यंतचीच."

मग त्या मला कोपऱ्यात घेऊन गेल्या. तिथे उंचावरून लोखंडी वजन सोडायची सोय होती. जाळी लावली. साध्या ठोकळ्यावर वजन पडलं आणि जाळीच्या आत खडीचा पाऊस झाला. उरली ती भुकटी आणि चार तुकडे. सुयांच्या ठोकळ्यावर तेच वजन, तेवढ्याच उंचीवरून. तडे सगळीकडे गेले, पण ठोकळा ठोकळाच राहिला. तड्यांतून सुया टाक्यांसारख्या दिसत होत्या. मॅडमनी तो उचलून माझ्या हातात दिला. फुटलेला होता आणि तरी एकसंध होता.

"म्हणजे दणका बसला की काँक्रीट कच्चं पडतं," मी म्हणाले. पत्रकाचं वाक्य तयार होत होतं.

"असं अजिबात लिहू नकोस. उलट आहे. झटक्यात भार आला तर काँक्रीट आकड्याने जास्त भार घेतं. तड्यांना सोपी वाट शोधायला वेळच मिळत नाही, एकदम खडीतूनही आरपार जावं लागतं. पण म्हणूनच फुटतं तेव्हा भुगा होतो. बळ वाढलं, पण फुटल्यावर धरणारं कुणी नाही. आणि तुझं झाकण नुसतं दाबलं जात नाही, चाकाखाली वाकतंही. तिथं तर सुयांशिवाय भागतच नाही."

"पण आप्पांची गाडी हळू होती."

"गाडी हळू होती गं. चाक हळू नव्हतं. स्पीडब्रेकरवरून ते खाली पडलं. जे पडतं ते दणकाच देतं, मागून गाडी कितीही सावकाश येऊ दे."

मी तिथल्या स्टुलावर बसले. उद्घाटनाला टँकर उभा केला, हे त्या हळू मशीनसारखं. आणि गल्लीने झाकण जपायला म्हणून जे बांधलं ते ह्या वजन सोडायच्या यंत्रासारखं. आमच्याच हातांनी, अक्कांच्या देखरेखीखाली, गाडी हळू व्हावी म्हणून.

मी निघताना मॅडमनी आणखी एक वस्तू दाखवली. काळं, हलकं झाकण. काचेच्या धाग्यांचे थर राळेत चिकटवून केलेलं. आता सगळीकडे हेच येणार, त्या म्हणाल्या. त्याच्यावर त्यांनी आधी कधीतरी वजन पाडलं होतं. वरून ओरखडाही नव्हता. मॅडमनी नाण्याने टकटक केलं. एका जागी टणक आवाज आला, दुसऱ्या जागी पोकळ.

"आतले थर सुटलेत. बाहेरून कळत नाही. पुढच्या चाकाला कळेल."

"हे सगळं मला लिहून द्या," मी म्हणाले. "चौकशीत देते."

मॅडम जाळी पुसायला लागल्या. पुसण्यासारखं तिथे काही राहिलेलं नव्हतं.

"कॉलेजला तपासणीची कामं त्याच खात्याकडून येतात," त्या म्हणाल्या. "शिकवलं ते तुझं. कागद मागू नकोस. आणि पत्रकात माझं नाव घालू नकोस."

मला राग आला होता, अजूनही आहे. ज्या माणसाला पुरतं ठाऊक आहे त्याने गप्प बसायचं, आणि ज्याला एकच मशीन ठाऊक आहे त्याने सही करायची, ह्याला कारभार म्हणतात. पण मी मॅडमचं नाव घातलेलं नाही. इथेही नाही.

आता उरल्या अक्का. गाडी स्पीडब्रेकरवरून उतरली हे कुणीतरी सांगायला हवं होतं, आणि जिचा पाय मोडला तिने सांगितलं तर ते मोडीत काढता आलं नसतं. मी त्यांच्या घरी गेले. प्लास्टरचा पाय पाटावर पसरलेला, मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि पानं. बोटं चालू होती.

"अक्का, तुमी एवढंच सांगायचं. स्पीडब्रेकर होता."

"कुणी केला विचारतील की."

"सांगायचं, गल्लीने केला."

"गल्लीला सही करता येती का? नाव माझं घेतील." त्यांनी एका बिडीचं तोंड दाबलं. "माझा पाय मोडला, आणि केस पण माझ्यावरच? असलं कुठं असतं, पोरी?"

"तुमी गप्प बसलात तर आप्पांचं लायसन जातं."

बोटं थांबली. मी आवाज चढवला असणार, कारण आप्पा दारात येऊन उभे राहिले.

"चल घरी," ते म्हणाले.

"आप्पा, ह्यांनी खरं सांगितलं तर..."

"तिचा पाय मोडलाय आन् तू तिची मान धरतीस व्हय? माज्या गाडीखाली मोडलाय त्यो. चल."

"तुमच्या गाडीखाली नाही, झाकणात."

"ते तुजं शास्त्र हाय. मला तिचा पाय दिसतो."

अक्कांनी कुणाकडेच पाहिलं नाही. आम्ही घरी आलो. मी आप्पांशी भांडले. ह्याच चांगुलपणावर खातं चालतं असं म्हणाले, आणि तेही खरंच आहे. ते जेवले आणि रिकाम्या जागी गाडी उभी असल्यासारखे अंगणात जाऊन बसले.

चौकशीला मी दोन नारळ घेऊन गेले. एक सोललेला, एक न सोललेला, काथ्यासकट. साहेब होते, त्यांच्या वरचे साहेब होते, आप्पा भिंतीशी उभे. मी सोललेला नारळ फरशीवर ठेवला, वर चप्पल ठेवून दोन्ही पायांनी उभी राहिले. फुटला नाही. तोच उचलून कमरेइतक्या उंचीवरून सोडला. फुटला, पाणी साहेबांच्या बुटापर्यंत गेलं. मग काथ्याचा नारळ तेवढ्याच उंचीवरून सोडला. धप्प करून पडला आणि लोळत टेबलाखाली गेला.

"उभं राहणं वेगळं आणि पडणं वेगळं," मी म्हणाले. "तुम्ही झाकणावर टँकर उभा केला. चाक पाडून कधी पाहिलंत? आणि हा काथ्या म्हणजे तुमच्या सुया. त्या झाकणात नव्हत्या. हा तुकडा बघा."

वरचे साहेब हसले. चांगले हसले, मनापासून.

"प्रयोग छान आहे," ते म्हणाले. "खोबरं प्रसादाला ठेवा. तुकडा कुठल्या झाकणाचा, कशावरून? आणि चाक पडलं म्हणता, ते कशावरून पडलं?"

"स्पीडब्रेकरवरून."

"जो नाही."

तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबल्याचा आवाज आला. रिक्षावाल्याच्या खांद्यावर भार देऊन अक्का आत आल्या. प्लास्टरचा पाय उचलून, चेहरा घामाने भिजलेला. कुणी खुर्ची देईपर्यंत थांबल्या नाहीत, भिंतीला टेकल्या, आप्पांच्या शेजारीच.

"होता," अक्का म्हणाल्या. "मी करून घेतला. झाकणाला लागू नये म्हणून. गाडी माझ्या पावलानं येत होती. मी मागं चालत होते ना, मला नाय कळणार? धावत नव्हते मी. ह्या वयात पाइप घेऊन कोण धावतंय?"

"बाई, विनापरवाना गतिरोधक करणं गुन्हा आहे, माहीत आहे का?" वरचे साहेब म्हणाले.

"आता झालं की माहीत."

आप्पा त्यांना म्हणाले, "अक्का, कशाला आलीस तू? डाक्टरनं पाय टेकू नको म्हणलंय न्हवं."

"तुझी पोरगी घरात येऊन बसली असती रोज," अक्का म्हणाल्या. "त्यापेक्षा हे बरं."

अहवालातून भरधाव हा शब्द गेला. आप्पांचं लायसन राहिलं, गाडीही मिळाली. इथपर्यंत ठीक. पण अहवालात लिहिलं काय, तर झाकण फुटण्याचं कारण नागरिकांनी केलेला अनधिकृत गतिरोधक. झाकणात सुया होत्या का, ह्यावर एक ओळ नाही. बाकीची झाकणं, जी शहरात सगळीकडे बसलीत, त्यातल्या एकावर तरी वजन पाडून पाहू, असं कुणाला वाटलं नाही. काँक्रीट पास आहे. आणि ह्या सगळ्यात नोटीस एकाच माणसाला आली. अक्कांना. पोस्टमनने ती त्यांच्या सुपाशेजारी ठेवली.

त्यावर मी पत्रक काढलं. ते गल्लीने वाचलं. खात्याने वाचलं की नाही ते मला माहीत नाही.

मागच्या महिन्यात पलीकडच्या गल्लीत नवी झाकणं बसली. काळी, हलकी, काचेच्या धाग्यांची. पुन्हा मांडव, पुन्हा नारळ, पुन्हा टँकर. निरोप आप्पांनाच आला, कारण गाडी त्यांचीच जवळ होती. मी त्यांच्याबरोबर गेले. आप्पांनी टँकर झाकणाच्या अलीकडे थांबवला, खाली उतरले, आणि गाडीतून एक लाकडी ठोकळा काढून झाकणाच्या कडेला ठेवला. चढावर गाडी मागे सरकू नये म्हणून चाकाखाली घालतात तो.

"हे काय?" साहेब म्हणाले. तेच साहेब.

"ह्याच्यावरून घालतो गाडी. चाक पडू द्या झाकणावर. मग नारळ फोडा."

"त्याची काही गरज नाही. नुसता उभा करा."

"नुसता उभा मागच्या बारीलाबी केलावता की."

"अहो, कार्यक्रम आहे. पाहुणे थांबलेत."

"थांबू द्या. ह्या झाकणावरनं उद्या बाया पाणी न्हेणार हायत."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, हे मीच शिकवलंय अशा नजरेने. मी शिकवलं नव्हतं. आप्पा गाडीला टेकून उभे राहिले. पुढारी घड्याळ बघायला लागले. कुणीतरी फोन केला. थोड्या वेळाने दुसरा टँकर आला, आप्पांच्या ओळखीचाच ड्रायव्हर. त्याने जाताना आप्पांना हात केला, खाली उतरून लाकडाचा ठोकळा पायाने बाजूला सारला, झाकणावर टँकर उभा केला. झाकण हललं नाही. टाळ्या झाल्या, नारळ फुटला.

आप्पांनी ठोकळा उचलून परत गाडीत टाकला. घरी येईपर्यंत वाटेत जेवढी झाकणं लागली तेवढ्या ठिकाणी त्यांनी गाडी कडेला घेतली, चाक झाकणावर येऊ दिलं नाही. मागच्या मोटारी हॉर्न वाजवत होत्या. गल्लीत शिरल्यावर अक्का दारात दिसल्या, काठी घेऊन, पाइप हातात.

"मागं येऊ नको," आप्पांनी खिडकीतून सांगितलं. "पुढं चाल, माज्या नजरंसमोर."

अक्का पुढे झाल्या. टँकर त्यांच्या पावलाने चालत राहिला.